नवऱ्याच्या पासवर बार्सिलोनाची क्रूझ पकडली त्याचा रिव्ह्यू (स्टँडबायवाल्यांनी जरूर वाचा)

आधी स्टार सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. क्रूझ साडेचार. बार्सिलोना पाच. स्टँडबायवर नुसतं फिरायला युरोपला जाणं चार. आणि स्टँडबायवर जाऊन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सुटणारं जहाज पकडणं दीड, त्यातला अर्धा माझ्या सासऱ्यांमुळे, ते पुढे येईलच.

तर नवरा एका मोठ्या अमेरिकन विमान कंपनीत आहे, तिथल्या स्टाफला आणि घरच्यांना उरलेल्या सीटवर फिरायचा पास मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पास त्याचा असतो आणि पासवरच्या माणसाने गेटवर आवाज चढवला, भांडण केलं, तर सस्पेंड त्याचे बेनिफिट होतात, माझे नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, सांगली-मिरजेतल्या तमाम नातेवाइकांचा एकच डायलॉग आहे, "तुमचं काय बाबा, फुकट फिरता". फुकट हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यासमोर न्यूयॉर्कच्या जेएफके एअरपोर्टच्या गेटवरची ती खुर्ची येते जिच्या हँडलमुळे आडवं पण होता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टँडबाय म्हणजे आपल्या रेल्वेचं वेटिंग समजा, फक्त चार्ट लागतो विमानाचं दार बंद व्हायच्या जरा आधी. सगळे तिकीटवाले बसले, कनेक्शनवाले धापा टाकत आले, अपग्रेडवाले पुढे गेले, की उरलेल्या सीट पासवाल्यांना, त्यातही नंबर लागतो तो ग्रेडने आणि सीनियॉरिटीने, म्हणजे तीस वर्षं नोकरी झालेली एअर होस्टेस शेवटच्या मिनिटाला आली तरी तुमच्या डोक्यावरून पुढे जाते आणि त्यात काही चुकीचं पण नाही. जाताना टॅक्स तेवढा भरायचा, आम्हाला माणशी चाळीस डॉलरच्या आत पडला. ह्या लोकांची आपली एक भाषा आहे, "लिस्ट" व्हायचं म्हणजे यादीत नाव घालायचं, "लोड" बघायचा म्हणजे विमान किती भरलंय ते, "क्लिअर" झालो का म्हणजे सीट मिळाली का विचारायचं. आमच्या घरात तर धुणं वाळलं का विचारलं तरी नवरा "अजून क्लिअर नाही झालं" म्हणतो.

एक मजेशीर गोष्ट सांगते. अमेरिकेच्या करकायद्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचा विमानपास त्याच्या स्वतःच्या पाससारखाच करमुक्त धरतात. सासूसासऱ्यांसाठी असं काही नाही. म्हणजे नवऱ्याचे आईबाबा नियमात बसतात, माझे आईबाबा बडी पासवर, मित्रमंडळींच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. इकडे पण सासर-माहेर कायद्यानेच ठरवलंय म्हणायचं!

क्रूझचं डील आलं एप्रिलमध्ये. विमान कंपन्यांच्या स्टाफसाठी क्रूझवाले वेगळे रेट काढतात, रिकाम्या केबिन भरायच्या असतात त्यांना, म्हणजे तिथेही आम्ही उरलेल्या जागेचेच धनी. सात रात्री, बार्सिलोनाहून सुटून मार्सेय, जेनोआ, चिव्हितावेक्किया (रोमचं बंदर), नेपल्स, पाल्मा करून परत बार्सिलोना. जूनमध्ये सासूसासरे येणारच होते, त्यांना भारतातून मात्र कन्फर्म तिकिटावर आणलं, सत्तरीच्या माणसांना त्या लांबच्या फ्लाइटसाठी गेटवर बसवायचं नाही एवढी अक्कल नवऱ्याला होती. पुढची अक्कल कुठे गेली माहीत नाही.

व्हिसाचं आधीच सांगते, कारण ह्यात लोक फसतात. आमचे दोघांचे अमेरिकन पासपोर्ट, आईबाबांचे (म्हणजे सासूसासऱ्यांचे, त्यांना मी आईबाबाच म्हणते) भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसा हवाच, आणि तो त्यांनी यायच्या आधी मुंबईत बीएलएसमध्ये अर्ज करून घेतला, स्पेनचं काम तेच बघतात. ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो आणि विमानाचं येण्याजाण्याचं रिझर्व्हेशन लागतं. आता स्टँडबायवाल्याकडे रिझर्व्हेशन कुठलं? लिस्टिंगचा कागद व्हिसावाल्यांना दाखवणं म्हणजे लग्नात आहेर म्हणून "बघू जमलं तर" असं लिहिलेलं पाकीट देणं. म्हणून पूर्ण रिफंड मिळणारं तिकीट काढलं, व्हिसा आला, आणि नवऱ्याने ते तिकीट ऐटीत कॅन्सल केलं, "बाराशे डॉलर माणशी कशाला घालवायचे, लोड मस्त आहे" म्हणाला. तेच ठेवलं असतं तर हा रिव्ह्यू लिहायची वेळच आली नसती.

लोड मस्त आहे. हे वाक्य मी आता घराच्या दारावर लिहून ठेवणार आहे. लोड आज मस्त असतो हो, पण जून महिना, शाळा सुटलेल्या, आणि न्यूयॉर्कला जूनमध्ये दुपारी ढग दाटले की फ्लाइट कॅन्सल व्हायला लागतात, आणि एक फ्लाइट कॅन्सल झाली की तिचे दोन-अडीचशे तिकीटवाले पुढच्या फ्लाइटच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसतात. तुमची ती सीट पाहिलेली असते मंगळवारी सकाळी चहा पिताना.

जहाज रविवारी संध्याकाळी सहाला. चेक-इन साडेचारला बंद. नवऱ्याचा प्लॅन असा की बुधवारी रात्री निघायचं, गुरुवारी पोचायचं, तीन दिवस बार्सिलोना बघायचं. म्हणजे बफर होता. बफर होता म्हणूनच वाचलो, हे मी त्याच्या बाजूने लिहितेय, नोंद घ्यावी.

बुधवार. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून जेएफके म्हणजे दोन पूल आणि बेल्ट पार्कवे, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास. सकाळी ११ सीट रिकाम्या, आम्ही चौघं १४ ते १७ नंबरवर, नवरा म्हणाला लोक गळतात. गळले नाहीत, वाढले. आधीची एक फ्लाइट कॅन्सल झालेली होती आणि तिचे लोक आमच्या गेटवर आले, हातात पिझ्झाचे बॉक्स, चेहरे असे की त्यांना काही बोलायची सोय नाही. आता गेटवर जो स्क्रीन असतो त्यावर स्टँडबायवाल्यांची यादी लागते, पूर्ण नाव नाही, आडनावाची इंग्रजी पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक. आमचं आडनाव पाटील. पी ए टी, पुढे नवऱ्याचा एस. यादीत वरून पाचव्या नंबरला "पीएटी, एस" हिरवं झालं आणि आम्ही चौघं बॅगा घेऊन ताडकन उठलो, आईंनी तर डबा पण पिशवीत टाकला. काउंटरवर आमच्या आधी एक गृहस्थ जाऊन उभे. पटेल. इंग्रजीत पाटील आणि पटेल पहिल्या तीन अक्षरांपर्यंत सख्खे भाऊ आणि एडिसनच्या विमानात पटेल किती असतात हे मी सांगायची गरज नाही. त्या रात्री यादीत तीन पीएटी होते, आम्ही सोडून. प्रत्येक वेळी कोणीतरी हिरवं झालं की आईंचा जीव वर आणि परत खाली.

दार बंद झालं. रात्री साडेअकराला परत बेल्ट पार्कवे, परत दोन पूल, परत टोल. बार्सिलोनाच्या हॉटेलला फोन करून सांगितलं की उद्या नाही परवा येतो, हे लगेच करा नाहीतर पहिल्या रात्री नाही आलात म्हणून ते पूर्ण बुकिंगच उडवू शकतात.

तिखटामिठाच्या पुऱ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. पासवाल्यांना व्हेज जेवण आधीपासून सांगता येत नाही, जे उरेल ते, म्हणून आईंनी प्रवासासाठी चाळीस पुऱ्या आणि लसणाची चटणी केलेली. त्यातल्या वीस बुधवारी गेटवर संपल्या. दहा गुरुवारी. चार माझ्या पर्समधून माद्रिदला पोचल्या. चटणीचा वास आजही त्या पर्सला आहे.

गुरुवारी नवरा शहाणा झाला आणि म्हणाला चार सीट एकत्र मिळत नाहीत, दोन-दोन व्हायचं. हे स्टँडबायचं पहिलं सूत्र आहे जे त्याने आधीच सांगायला हवं होतं. दुसरं सूत्र, शहर बदलायची तयारी ठेवा. बार्सिलोनाची फ्लाइट भरली, एकही पासवाला गेला नाही, पण तासाभराने त्याच टर्मिनलवरून माद्रिदची होती, त्याने उभ्या उभ्या फोनवरून सगळ्यांना तिकडे लिस्ट केलं आणि आम्ही पळत तिकडे.

माद्रिदच्या गेटवर ती बाई, चष्म्याला साखळी, अजिबात वर न बघता म्हणाली, पाटील, चौघं ना, माझ्याकडे दोन आहेत, शेजारी नाहीत, एका मिनिटात सांगा.

एक मिनिट. आई म्हणाल्या, "हे येत असतील तर मी जाते, नाहीतर नाही." नवरा म्हणाला, "आई तू आणि ही जा, मी बाबांना घेऊन येतो." आई म्हणाल्या, "अरे पण त्यांच्या बीपीच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत." आणि पर्स उघडली, त्यात पुऱ्या, रुमाल, देवाची छोटी पोथी, तीन चष्मे, गोळ्यांची पट्टी कुठेच नाही, मी आईंच्या हातातून पर्स घेऊन काउंटरवरच उलटी केली, गेटवाली बाई बघतच राहिली. गोळ्या चष्म्याच्या घरात होत्या. का, ते विचारू नका.

आणि बाबा. आता त्या अर्ध्या स्टारचं सांगते. बाबा एसटीत होते, सांगलीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. त्यांचं आयुष्य गेलं गाडी वेळेवर सोडण्यात आणि तिकीट हातात नाचवणाऱ्या माणसांना शांतपणे उत्तर देण्यात. दोन दिवस ते हात मागे बांधून त्या काउंटरपासून पाच फुटांवर उभे होते आणि एकदाही, एकदाही त्यांनी "आमचं काय झालं" विचारलं नाही. मी विचारायला निघाले की मला म्हणायचे, "सूनबाई, त्या बाईंना काम करू दे. तिकीटवाला उभा असताना पासवाल्याने नंबर विचारायचा नसतो." एसटीच्या कर्मचाऱ्यांना पण पास असतोच की, ते म्हणाले, "आम्ही पासवर पंढरपूरला उभं राहून गेलोय, ह्यात वेगळं काय." त्या मिनिटात आई अडून बसल्यावर तेच म्हणाले, "अगं जा, गाडी कुणासाठी थांबते का? मी येतो मागच्या गाडीनं." मागची गाडी! अटलांटिक महासागर ओलांडणारी!

गेलो. आई ३८व्या रांगेत मधल्या सीटवर, टॉयलेटच्या अलीकडे, मी २४ मध्ये. शुक्रवारी सकाळी माद्रिद.

हा भाग आवडला म्हणून जरा सांगते. एअरपोर्टवरून पिवळी एक्सप्रेस बस थेट अटोचा स्टेशनला जाते, पाच युरो, ड्रायव्हरकडेच तिकीट. अटोचाच्या जुन्या इमारतीत आत चक्क बाग आहे, माडासारखी उंच झाडं आणि त्यावर पाण्याचं धुकं सोडतात, आईंनी तिथे बसून उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि प्रवासात पहिल्यांदा हसल्या. तिथून बार्सिलोनाला हाय स्पीड ट्रेन, सहाशेवर किलोमीटर, अडीच-पावणेतीन तास, बॅगा एअरपोर्टसारख्या स्कॅन करतात म्हणून जरा आधी जा. लाईनवर आता दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या धावतात त्यामुळे आधी काढलं तर तिकीट स्वस्त मिळतं, आम्ही गाडी सुटायच्या दीड तास आधी काढलं त्यामुळे दोघींचे २३० युरो गेले. म्हणजे न्यूयॉर्क ते माद्रिद मला जे पडलं त्याच्या दुपटीहून जास्त माद्रिद ते बार्सिलोना पडलं. डब्यातल्या स्क्रीनवर ताशी ३०० लिहून आलं तेव्हा आईंनी त्याचा फोटो काढून सांगलीच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच खाली लिहिलं, "हे मागे राहिलेत."

हे आणि त्यांचा मुलगा शुक्रवारी तिसऱ्यांदा जेएफकेला. बार्सिलोना नाही, माद्रिद नाही. रात्री उशिराच्या रोम फ्लाइटला दोन माणसांचं कनेक्शन चुकलं, दोघं बिझनेस क्लासचे. इकॉनॉमी ठासून भरलेली. गेटवाल्याने ह्या दोघांना बोलावलं आणि बोर्डिंग पास दिला. बाबांना सीट नंबर ५ए. आयुष्यभर एसटीत उभं राहिलेला माणूस सपाट बिछान्यावर पाय पसरून रोमला झोपून गेला. त्यांनी सांगितलेलं असं, "पोरीने ताटाखाली कापड घातलं रे, पांढरं, इस्त्रीचं." आई ३८व्या रांगेत टॉयलेटजवळ आणि हे ५ए, ह्यावरून क्रूझभर जे चाललं त्याचा वेगळा रिव्ह्यू होईल.

कपड्यांचं मध्येच आठवलं. पासवर फिरताना कपडे नीट घालावे लागतात, नियम आता बरेच सैल झालेत पण फाटक्या जीन्स, बाथरूम चपला नकोत. २०१७ मध्ये लेगिंग्ज घातल्या म्हणून पासवरच्या दोन मुलींना विमानात घेतलं नाही ती बातमी जगभर गाजली होती. बाबा तिन्ही दिवस इस्त्रीच्या शर्टात होते. बिझनेसची सीट त्यामुळे मिळाली असं त्यांचं ठाम मत आहे, आम्ही खोडून काढलेलं नाही.

रोमला उतरल्यावर इमिग्रेशनला बाबांचा स्पेनचा व्हिसा बघून विचारलं की स्पेनचा व्हिसा आणि इकडे कसे. व्हिसा ज्या देशाचा त्याच देशात आधी उतरायला पाहिजे असं काही नसतं, मुख्य मुक्काम तिथला असला की झालं, पण कागद दाखवावा लागतो, क्रूझचं बुकिंग प्रिंट करून ठेवलेलं होतं ते दाखवलं. फोनवर ठेवू नका, प्रिंट ठेवा. बाबा फोन उघडेपर्यंत रांग फिरून आली असती. मग रोम ते बार्सिलोना साधं कन्फर्म तिकीट, दोघांचे साडेतीनशे युरो, आदल्या दिवशी काढलं असतं तर शंभरात आलं असतं. शनिवारी रात्री नऊला ते हॉटेलच्या लॉबीत आले. आई खाली जाऊन दारात उभ्या होत्या सहा वाजल्यापासून.

आता खरं सांगा, हे सगळं सुरू असताना जहाज चुकलं असतं तर काय? हा प्रश्न मी नवऱ्याला बेल्ट पार्कवेवर विचारला होता, तो म्हणाला पुढच्या पोर्टला पकडू. पकडता येतं कधी कधी, क्रूझवाल्यांच्या पोर्ट एजंटचा नंबर कागदावर असतो, त्यांना फोन करून परवानगी घ्यायची, तिथपर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचं. क्रूझवाल्यांना पासपोर्टसकट प्रवाशांची यादी आधीच द्यावी लागते त्यामुळे उगवलो आणि चढलो असं नसतं. क्रूझ कंपनीकडूनच विमान तिकीट घेतलं असेल तर ते तुम्हाला पोचवायची सोय बघतात, आपलं आपण आलो तर आपली जबाबदारी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स? आमची पॉलिसी मी शुक्रवारी रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून वाचली, आई झोपल्या होत्या म्हणून. विमान लेट झालं, वादळ आलं, तर पैसे. पण सीटच नाही मिळाली म्हणून राहिलात तर काही नाही, कारण तुमच्याकडे तिकीट होतंच कुठे.

त्यावर एक कामाची गोष्ट मला जहाजावर कळली. एमएससी, कोस्टा ह्यांच्या भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझवर एकाच बंदरातून सगळे चढत नाहीत, काही बार्सिलोनाला, काही मार्सेयला, काही जेनोआला, काही रोमच्या चिव्हितावेक्कियाला, आठवड्याचं चक्र चालू असतं. स्टँडबायवाल्याने अशीच बघावी, कारण जो युरोपात कुठेही पडेल त्याला आठवडाभर कुठलं ना कुठलं बंदर जवळ असतं. अर्थात आधी कळवून, बुकिंग त्या बंदराचं करून. आमचा विनोद तर असा झाला की बाबा रोमला उतरले, पैसे भरून बार्सिलोनाला आले, आणि जहाजाने बुधवारी त्यांना उचलून परत रोमच्या बंदरात आणून ठेवलं. डेकवर उभे राहून म्हणाले, "मी इथंच थांबलो असतो की."

बार्सिलोनाला बंदरावर जायचं सोपं आहे. कोलंबसच्या उंच खांबापासून बंदराची बस सुटते, ती मोठ्या जहाजांच्या धक्क्याला सोडते, चौघं असाल आणि बॅगा असतील तर टॅक्सीच बरी, एअरपोर्ट ते क्रूझ टर्मिनल ठरलेला दर आहे. चालत जाऊ म्हणू नका, नकाशावर जवळ दिसतं, धक्का लांबच लांब आहे. चेक-इन आमचं वीस मिनिटांत झालं. चार दिवस असे काढल्यावर हातात कार्ड आणि त्यावर केबिन नंबर आला तेव्हा मला खरंच रडू आलं, आपली अशी एक जागा, कोणी सीनियर आला तरी काढून घेणार नाही.

क्रूझबद्दल फार नाही लिहीत. व्हेज जेवण चांगलं, दुसऱ्या दिवसापासून वेटर आईंसाठी डाळ आणायला लागला. आईंनी फॉर्मल नाइटला पैठणी नेसली, जी तीन दिवस केबिन बॅगेत घडी घालून फिरली होती कारण पासवर जाताना बॅग चेक-इन करायची नाही, तुम्ही राहाल आणि बॅग जाईल नाहीतर उलटं. चौघांचं सामान चार छोट्या बॅगांत बसवणं ही एक कला आहे, माझ्याकडून शिका. नेपल्सला गर्दी फार, पाल्मा सुंदर. वायफाय महाग.

परतीला मात्र एक गोष्ट कळली जी नवऱ्याला इतक्या वर्षांत कळली नव्हती. क्रूझ रविवारी सकाळी संपते. एका जहाजातून हजारो माणसं उतरतात आणि बार्सिलोनाला एका रविवारी अशी कितीतरी जहाजं लागलेली असतात. त्यातले अमेरिकन सगळे त्याच दुपारच्या फ्लाइटला. गेटवर बघितलं तर प्रत्येक बॅगेला आमच्याच जहाजाचा रंगीत टॅग, ज्या बाईबरोबर मी आठवडाभर जिन्यात हाय-हॅलो केलं ती रांगेत पुढे, तिच्या हातात तिकीट, माझ्या हातात आशा. रविवारी नाही. सोमवारी नाही. लंडनमार्गे जाऊ म्हणाला नवरा, पण आईबाबांना यूकेचा व्हिसा नाही, आणि यूकेतून लांबच्या फ्लाइटने निघताना पासवाल्याला पण पॅसेंजर ड्युटी (सरकारी कर) भरावी लागते, २०२५ मध्ये इकॉनॉमीत माणशी ९० पौंडांच्या आसपास होती, आणि नशिबाने बिझनेस मिळाला तर दुपटीहून जास्त, म्हणजे तिकडे नशीब उघडलं तर बिल येतं. दोन रात्री, दोन खोल्या, जूनमधलं बार्सिलोना, वर माणशी टुरिस्ट टॅक्स, नऊशे युरो. मंगळवारी चौघं एकत्र क्लिअर झालो, अर्ध्या तासात, कुठलंही नाट्य नाही, पटेल नाही. मंगळवारी विमान रिकामं होतं हो.

नवऱ्याने घरी येऊन एक्सेलमध्ये हिशोब मांडला. टॅक्स, ट्रेन, रोमचं तिकीट, जास्तीची हॉटेलं, टोल, पार्किंग, सगळं मिळून बावीसशे-तेवीसशे डॉलर. कन्फर्म काढली असती तर अठ्ठेचाळीसशे. म्हणजे अडीच हजार वाचले असं तो म्हणतो आणि ते खरं आहे. त्याच्या दोन सुट्ट्या जास्तीच्या गेल्या, त्याचा कॉलम एक्सेलमध्ये नाही. बार्सिलोना बघायचे तीन दिवस होते त्यातले आईंना आणि मला दीड मिळाला, बाबांना शनिवारची रात्र. सग्रादा फामिलियाची आधी काढलेली चार तिकिटं, त्यातली दोन वाया.

माझं मत विचाराल तर पास वाईट नाही. पासवर एखाद्या शहरात जा, शहर पळून जात नाही, आज नाही उद्या. जहाजाला जाताना कन्फर्म काढा, निदान एका बाजूचं, आणि येताना खुशाल स्टँडबायने या, फक्त रविवार-सोमवार सोडून. जायलाही स्टँडबायच करायचं असेल तर चार दिवस धरा, दोन-दोनच्या जोड्या घरीच ठरवा आणि ज्याच्या गोळ्या त्याच्या खिशात. पुढच्या वर्षी ग्रीसची क्रूझ बघतोय, अथेन्सच्या पिराएस बंदरातून. नवऱ्याने परवा सकाळी चहा पिताना फोन पुढे केला, "अथेन्सचा लोड बघ, मस्त आहे." मी कप उचलला आणि आत गेले.

आईबाबा ऑगस्टमध्ये परत गेले. मुंबईचं तिकीट कन्फर्म होतं, सीट नंबर आधीच घेतलेले, ३१ए आणि ३१बी. एअरपोर्टवर आईंनी पर्समधून ते प्रिंट काढलं, चष्मा लावून दोन्ही नंबर वाचले, मग बाबांच्या शर्टाच्या खिशात हात घालून गोळ्यांची पट्टी आहे ना ते चाचपलं आणि म्हणाल्या, "खिडकी माझी."